चुका पोटात घालणारी जमीन : उड्डाण-शिक्षणाच्या जागांचा इतिहास

पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावेच लागते हे खरे. परंतु कोणत्या पाण्यात उतरावे याचा विचार आपल्या वाडवडिलांनी नेहमीच केला. नवशिक्याला पुराच्या नदीत कोणी ढकलीत नसे. माहितीची विहीर, पाठीला बांधलेला भोपळा आणि काठावर उभा असलेला पट्टीचा पोहणारा एवढी सिद्धता झाल्यावरच उडी मारण्याची परवानगी मिळे. विमान चालवण्याची विद्या त्या मानाने अगदी अलीकडची, सव्वाशे वर्षांच्या आतली. ती शिकवावी कशी, यापेक्षा ती शिकवावी कोठे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणसाने फार मोठी किंमत मोजली आहे. प्रस्तुत लेखात त्या शोधाचा धावता आढावा घेण्याचा विचार आहे.

या विषयाकडे वळण्यास एक निकटचे कारणही आहे. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या जुन्या घराण्यांतील मागील पिढ्यांनी दरबारची चाकरी, वकिली, शिक्षणखाते, रेल्वे अशा वाटा धरल्या. आता त्याच घरांतील नातवंडे वैमानिक होण्याची इच्छा बोलून दाखवतात. कोणाला त्याचा व्यवसाय करावयाचा असतो, तर कोणाला केवळ हौसेसाठी खासगी वैमानिकाचा परवाना हवा असतो. पहिला टप्पा दोघांचाही एकच. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांपुढे संस्थांची माहितीपत्रके येतात आणि फी किती, दिवस किती, विमाने किती नवी, या तीन प्रश्नांवर निर्णय होतो. इतिहास मात्र निराळाच प्रश्न विचारायला शिकवतो : शिकणाऱ्याची चूक पोटात घालण्याची शक्ती या जागेत आहे काय?

टेकडी आणि वाळू

जर्मन अभियंता ओटो लिलिएन्थाल यांनी १८९१ पासून हातांनी पेललेल्या पंखांच्या साहाय्याने उंचावरून झेपावण्याचे प्रयोग चालवले होते. त्यांना लवकरच एक अडचण जाणवली. नैसर्गिक टेकडीचा मोकळा उतार ठरावीक दिशेला असतो, वारा मात्र दिशा बदलत राहतो. आणि झेप तर वाऱ्याला सामोरे जाऊनच घ्यावी लागते. म्हणून १८९४ मध्ये त्यांनी बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्ड येथे सुमारे १५ मीटर उंचीची, शंकूच्या आकाराची टेकडीच उभारून घेतली. वारा कोणत्याही दिशेने आला तरी तेथून त्याच्या तोंडावर झेप घेता येई. उड्डाणाच्या सरावासाठी मुद्दाम घडवलेल्या जगातील अगदी पहिल्या जागांमध्ये या टेकडीची गणना करावी लागेल. दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट १८९६ रोजी, ऱ्हिनोच्या टेकड्यांत झेप घेताना ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले.

अमेरिकेतील डेटन गावी सायकलींचा व्यवसाय करणाऱ्या राईट बंधूंनी या मृत्यूचा बारकाईने अभ्यास केला. विल्बर राईट यांनी हिशेब मांडला, की पाच वर्षांच्या खटाटोपात लिलिएन्थाल यांना प्रत्यक्ष हवेत घालवता आलेला काळ जेमतेम पाच तासांचा होता. पाच वर्षांत केवळ पाच तास सायकल चालवलेला माणूस गर्दीच्या रस्त्यावर उतरला तर काय होईल, असा हा प्रश्न होता. दोष लिलिएन्थाल यांच्या धैर्याचा नव्हता, बुद्धीचाही नव्हता. सरावाच्या संधीचा होता. जेथे जोरदार व एकसारखा वारा वाहतो, पडल्यास इजा होणार नाही अशी मऊ जमीन आहे आणि बघ्यांची गर्दी नाही, अशी जागा राईट बंधूंना हवी होती. त्यांनी अमेरिकेच्या हवामान खात्याकडून निरनिराळ्या ठिकाणच्या वाऱ्याच्या नोंदी मागवल्या आणि त्यांवरून उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील किटी हॉक हे आडबाजूचे गाव निवडले. घरापासून तेथवरचा प्रवास रेल्वेचा, होडीचा आणि कित्येक दिवसांचा होता. राहायला तंबू, सोबतीला डास आणि वादळे. तरीही ते १९०० पासून वारंवार तेथे गेले.

या निवडीचे मोल १९०२ च्या सप्टेंबरात दिसून आले. ऑर्व्हिल राईट यांचे ग्लायडर सुमारे ३० फूट उंचीवरून खाली आदळले. ग्लायडरचा चुराडा झाला. ऑर्व्हिल मात्र त्या ढिगाऱ्यातून अंगावर ओरखडाही न उमटता बाहेर आले. खाली वाळू होती. खडकाळ माळ असता तर विमानविद्येचा इतिहास कदाचित तेथेच थांबला असता. त्याच हंगामात बंधुद्वयाने सातशेहून अधिक झेपा घेतल्या. १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनाच्या विमानाने केलेली चार उड्डाणे, त्यांतील सर्वांत लांबचे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे, ही त्या वाळूवरच्या सरावाची परिणती होती.

यापुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. इंजिनाचे विमान हाती आल्यावर राईट बंधूंनी किटी हॉक सोडले. आता त्यांना दररोज जाता येईल आणि वळणे घेण्याचा सराव करता येईल असे सपाट मैदान हवे होते. १९०४ मध्ये डेटनजवळचे हफमन प्रेअरी हे गुरांचे कुरण त्यांनी निवडले. मालकाने भाडे घेतले नाही; उड्डाणापूर्वी गुरे बाजूला काढावीत, एवढीच अट घातली. तेथे वारा कमी, म्हणून उंचावरून वजन खाली सोडून विमानाला सुरुवातीचा वेग देणारी यंत्रणा त्यांनी बसवली. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी त्याच कुरणावर घिरट्या घालीत त्यांनी ३९ मिनिटांत २४ मैलांचे अंतर कापले. पुढे १९०९ च्या आरंभी फ्रान्समधील शिष्यांना शिकवण्याची वेळ आली, तेव्हा विल्बर यांनी थंडीने गारठलेला ल मान्सचा परिसर सोडून पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचे, सौम्य हवामानाचे पो हे गाव पत्करले. वाळू, कुरण आणि पर्वताचा पायथा या तिन्ही जागा भिन्न. पण प्रत्येक जागा त्या त्या टप्प्याला योग्य. सर्व काळ सर्वांना उत्तम अशी एकच जागा नसते, हा पहिला धडा विमान शोधणाऱ्यांनीच घालून दिला.

गॉस्पोर्टचा गुरू

पहिल्या महायुद्धाने हा धडा पुसून टाकला. वैमानिकांची गरज अफाट वाढली आणि शिक्षणाला घाई आली. ब्रिटनमध्ये बरेचसे प्रशिक्षक आघाडीवरून थकून परतलेले असत. त्यांना शिकवण्याची हौस नव्हती आणि नवख्या विद्यार्थ्याच्या हाती आपला जीव देण्याची तर मुळीच नव्हती. विद्यार्थ्यांना ते थट्टेने 'हूण' म्हणजे शत्रूच म्हणत. कित्येक विमानांत विद्यार्थ्यापुढे पूर्ण नियंत्रणेही नसत. थोडके तास झाले की त्याला एकट्याने सोडून दिले जाई. शत्रूची गाठ पडण्यापूर्वीच, आपल्याच देशातील मैदानांवर, शेकडो तरुण मृत्युमुखी पडले.

विशेष भीती होती ती गिरकीची. वेग घटून पंखांची उचल संपली आणि विमान एका अंगावर कलले, की ते भोवऱ्यासारखे फिरत खाली येते. लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क हे ऑगस्ट १९१२ मध्ये अशा गिरकीतून वाचले आणि कसे वाचलो हे त्यांनी सांगितलेही. तरीही पुढील काही वर्षे ते ज्ञान प्रत्येक शिकाऊ वैमानिकापर्यंत पोहोचले नाही. धोक्याचे नाव काढू नये, म्हणजे धोका टळेल, अशीच शिक्षणाची रीत होती.

ही रीत मोडली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने. १९१४ च्या ऑगस्टमध्येच फ्रान्समध्ये विमान कोसळून त्यांचे दोन्ही पाय मोडले होते आणि पुढे ते लंगडतच चालत. १९१६ मध्ये आघाडीवरील ६० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व करताना अर्धवट शिकलेली मुले आपल्याकडे येतात आणि मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. वरिष्ठांकडे त्यांनी तक्रारीची पत्रे लिहिली. सरकारी यंत्रणेचा अनुभव असलेल्या वाचकांना अशा पत्रांचे पुढे काय होते हे सांगावयास नको. येथे मात्र अघटित घडले. तक्रार करणाऱ्यालाच, तू करून दाखव, असे सांगण्यात आले आणि १९१६ च्या अखेरीस स्मिथ-बॅरी यांची नेमणूक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्ट येथील प्रशिक्षण तुकडीवर झाली.

त्यांनी केलेले बदल वरवर साधे वाटतात. गुरू आणि शिष्य या दोघांच्याही हाती संपूर्ण नियंत्रणे असलेली अव्हरो ५०४ ही विमाने त्यांनी वापरात आणली. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू यावे म्हणून प्रशिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत रबरी नळी बसवली. तीच पुढे 'गॉस्पोर्ट नळी' म्हणून जगभर ओळखली गेली. गिरकी, आडव्या वाऱ्यात उतरणे, तीव्र वळणे हे सारे प्रथम गुरूसोबत करून पाहायचे, त्यामागील कारण समजून घ्यायचे आणि मग एकट्याने पुन्हा करायचे, असा क्रम त्यांनी ठरवला. संकटापासून विद्यार्थ्याला दूर ठेवणे हा शिक्षणाचा हेतू नसून संकटातून बाहेर पडण्याची वाट त्याच्या हाताला ठाऊक करून देणे हा हेतू आहे, असे त्यांचे सूत्र होते. १९१७ मध्ये या तुकडीचे रूपांतर विशेष उड्डाण-विद्यालयात झाले, आणि तेथे वैमानिकांऐवजी वैमानिकांचे शिक्षक तयार होऊ लागले. शिकवणे ही उड्डाणाहून वेगळी विद्या आहे, ती आपोआप येत नाही, ही जाणीव गॉस्पोर्टने जगाला दिली.

राईट बंधूंनी चूक पोटात घालणारी जमीन शोधली होती. स्मिथ-बॅरी यांनी तीच व्यवस्था हवेत उभी केली. विद्यार्थी चुकतो, गुरू क्षणभर थांबतो, चूक वाढू देतो आणि वेळीच सावरतो. मागच्या आसनावर बसलेला जाणता माणूस ही नव्या काळातली वाळू होती.

मॉथ विमाने आणि क्लबांचे दिवस

युद्ध संपल्यावर उड्डाणाची हौस सामान्य नागरिकांपर्यंत नेण्याचे श्रेय दोन गोष्टींना जाते. डी हॅव्हिलंड कंपनीचे मॉथ हे हलके, दोन आसनी विमान १९२५ च्या फेब्रुवारीत प्रथम उडाले. त्याचे पंख मागे दुमडून ते लहानशा जागेत ठेवता येई. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हलक्या विमानांच्या क्लबांना अनुदान देण्याची योजना आखली. खासगी वैमानिक हा वर्ग खऱ्या अर्थाने तेथे जन्मास आला.

या क्लबांचे वातावरण कसे होते, याचे उदाहरण म्हणून एमी जॉन्सन या तरुणीकडे पाहावे. लंडनमधील एका वकिलाच्या कचेरीत काम करीत असताना १९२८ मध्ये ती स्टॅग लेन येथील लंडन एरोप्लेन क्लबात शिकू लागली. तिची प्रगती सावकाश होती. सर्वसाधारण विद्यार्थी ज्या तासांत एकट्याने उडू लागे, त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे सुमारे १६ तास तिला लागले. घाईच्या संस्थेत तिला कधीच घरी पाठवले गेले असते. स्टॅग लेनला मात्र हँगरचे दार उघडे होते. तेथील मुख्य यंत्रज्ञाच्या हाताखाली ती कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर इंजिने उघडून पाहू लागली आणि १९२९ च्या अखेरीस विमान-यंत्रज्ञाचा परवाना मिळवणारी ब्रिटनमधील पहिली स्त्री ठरली. १९३० च्या मे महिन्यात ती एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा तिच्या गाठीशी उड्डाणाचे शंभर तासही नव्हते. वाटेत इंधन संपत आल्यामुळे तिला झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. विमानाच्या पंखाला इजा झाली. तेथेच दुरुस्ती करून ती पुढे गेली आणि डार्विनला पोहोचली. झाशीच्या मैदानावर तिला तारले ते हँगरमध्ये घालवलेल्या तासांनी. केवळ उड्डाणाचे तास मोजणारी संस्था तिला हे देऊ शकली नसती.

जुहू, बेगमपेठ आणि पावसाळा

हीच क्लबांची कल्पना हिंदुस्थानात आली. १९२७ मध्ये एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा स्थापन झाला आणि १९२८ पासून दिल्ली, मुंबई, कराची व कलकत्ता येथे सरकारी साहाय्याने फ्लाइंग क्लब सुरू झाले. विमाने अर्थातच मॉथ. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला, तो बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकून.

मुंबईच्या जुहूची जमीन सपाट, समुद्राचा वारा भरवशाचा, भोवती त्या काळी मोकळे रान. नवशिक्याला याहून काय हवे? परंतु या जमिनीला एक वैगुण्य होते. पावसाळ्यात तेथे चिखल होई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांची कराची–मुंबई–मद्रास टपालसेवा सुरू झाली, आणि पुढच्या पावसाळ्यात जुहूचे मैदान निरुपयोगी झाल्यावर साऱ्या कारभाराला पुण्याच्या येरवड्याचा आश्रय घ्यावा लागला. इंग्लंडातील क्लबाची कल्पना जशीच्या तशी येथे आणून भागणार नव्हते. आपल्या देशात जागेची निवड करताना वर्षाचे आठ महिने पाहून चालत नाही, उरलेले चारही पाहावे लागतात, हे जुहूने शिकवले.

पुढे १९३७ च्या नोव्हेंबरात टाटांची मुंबई–दिल्ली सेवा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर या मार्गाने सुरू झाली आणि होळकर व शिंदे यांच्या राजधान्यांना विमानाचा नित्य परिचय झाला. निजामाच्या हैदराबादेत बेगमपेठचे विमानतळ उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात तेथेच भारतातील पहिल्या क्रमांकाचे प्राथमिक उड्डाण-विद्यालय चालले. दुसरे जोधपूरला होते. टायगर मॉथ विमानांतून गॉस्पोर्टचीच नळी कानाला लावून भारतीय तरुण तेथे शिकले. बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टीही याच युद्धकाळातली. दख्खनचे पठार, स्वच्छ हवा आणि आघाडीपासूनचे अंतर हे गुण लष्कराने हेरले होते. याच न्यायाने ब्रिटिश राष्ट्रकुलाने आपली सर्वांत मोठी प्रशिक्षण-योजना १७ डिसेंबर १९३९ च्या कराराने कॅनडाच्या मोकळ्या मैदानांत उभारली आणि युद्ध संपेपर्यंत १,३१,५५३ वैमानिक व विमानकर्मी तेथे तयार केले.

मधल्या काळात अमेरिकेने निराळा धडा घेतला होता. १९३४ च्या फेब्रुवारीत तेथील सरकारने टपाल वाहण्याचे काम खासगी कंपन्यांकडून काढून लष्करी वैमानिकांकडे सोपवले. ही मंडळी बहुतांशी दिवसाउजेडी, निरभ्र हवेत शिकलेली. हिवाळ्यातील रात्री, बर्फ आणि धुके यांत ती सापडली आणि काही आठवड्यांतच डझनभर जणांनी प्राण गमावले. त्यानंतर लष्कराची नजर एडविन लिंक यांनी तयार केलेल्या यंत्राकडे गेली. लिंक हे पियानो व ऑर्गन बनवणाऱ्या कारखानदाराचे पुत्र. ऑर्गनच्या भात्यांवर डुलणारे, जमिनीवरच राहणारे छोटे 'विमान' त्यांनी १९२९ मध्ये बनवले होते. पण तोवर ते करमणुकीच्या बागांतच अधिक खपत होते. ते लष्कराने विकत घेतले. त्यात बसून आंधळ्या उड्डाणाच्या चुका कितीही वेळा कराव्यात, कोणी मरत नसे. आजच्या सिम्युलेटरचे मूळ ते हेच.

१९३४ चा हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. सुखाच्या वातावरणात शिकणे सुरक्षित खरे. परंतु ज्या हवेत पुढे उडावयाचे, तिची ओळखच झाली नाही तर ती सुरक्षितता फसवी ठरते. चूक पोटात घालणारी जागा म्हणजे चूक होऊच न देणारी जागा नव्हे.

आजची निवड

स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे सरकारी अनुदानावर चालणारे क्लबच भारतीय वैमानिकांचे विद्यापीठ होते. इंदूरचा मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब, वडोदऱ्याच्या हरणी विमानतळावरचा गुजरात फ्लाइंग क्लब ही नावे आपल्या वाचकांना परकी नाहीत. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने तेव्हा रायबरेली जिल्ह्यात असलेल्या फुरसतगंज येथे राष्ट्रीय अकादमी उभारली. मुंबईचे आकाश प्रवासी विमानांनी भरून गेल्यावर बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला नेले. राईट बंधूंनी किटी हॉक सोडले, त्याच जातीचा हा निर्णय. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबाडी या पाच विमानतळांवर जागा दिल्या. त्यांतील पहिली दोन नावे वाचून अनेक मराठी घरांत नवी आशा उत्पन्न झाली असेल.

नियमानुसार खासगी परवान्यासाठी वय किमान १७ वर्षे आणि उड्डाण किमान ४० तासांचे लागते. त्यांतील किमान २० तास एकट्याचे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास. हे किमान आकडे आहेत. जी संस्था त्यांनाच कमाल मानून तारखेची हमी देते, तिच्याविषयी सावध असावे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने घर गहाण ठेवून संपूर्ण शुल्क आरंभीच भरले. संस्थेकडे विमाने होती, पण उडण्याजोगी फार थोडी. मुलगा महिनोन्‌महिने धावपट्टीकडे पाहत बसून राहिला. दोन उड्डाणांमध्ये तीन आठवडे गेले की शिकलेले हात विसरतात आणि तोच धडा पुन्हा, पुन्हा पैसे मोजून, गिरवावा लागतो. लिलिएन्थाल यांचे पाच वर्षांतील पाच तास ते हेच. म्हणून शुल्क टप्प्याटप्प्याने भरण्याचा आग्रह धरावा आणि संस्थेत किती विमाने आहेत हे न विचारता गेल्या जुलै–ऑगस्टमध्ये प्रत्येक विद्यार्थी सरासरी किती तास उडाला हे विचारावे.

जागेचे गुणदोष ज्याचे त्याने पारखावेत. बेळगावचे विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच आहे. चैत्र–वैशाखाच्या दुपारी तेथील हवा विरळ होते, विमानाला धाव अधिक लागते आणि चढ मंद होतो. पावसाळ्यात ढग खाली उतरतात. हे दोष वाटतील. पण चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तेच धडे होतात. प्रवासी विमानांची ये-जा असलेल्या विमानतळावर नियंत्रण कक्षाशी बोलण्याची शिस्त अंगी बाणते, मात्र इंजिन चालू ठेवून वाट पाहण्यात वेळ आणि पैसा जातो. निवांत धावपट्टीवर एका तासात अनेकदा उतरण्याचा सराव होतो, पण गर्दीची सवय लागत नाही. परदेशातील कोरड्या, निरभ्र प्रदेशात तास लवकर पुरे होतात. तेथून परतणाऱ्याने आपल्या मॉन्सूनची ओळख पुन्हा गुरूसोबत करून घ्यावी. १९३४ विसरू नये.

शासकीय सेवेत मी आयुष्यभर तपासण्या केल्या आणि माझ्याही कामाच्या तपासण्या झाल्या. त्यावरून एवढे सांगू शकतो, की तपासणीच्या दिवशी नोंदवह्या नेहमीच नीटनेटक्या असतात. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी जाहीर करण्यास प्रारंभ केला आहे. ती अवश्य पाहावी. विमान अपघात तपास विभागाचे अहवालही सर्वांना खुले असतात; ज्या संस्थेत मुलाला पाठवायचे तिच्याविषयीचे अहवाल शांतपणे वाचावेत. अपघात झाला होता का, याइतकेच त्यानंतर संस्थेने काय बदलले, हेही पाहावे. आणि मग कोणताही निरोप न देता, एखाद्या साध्या सकाळी, मुलाला घेऊन तेथे जावे. हँगरचे दार विद्यार्थ्यांना उघडे आहे का, उड्डाणानंतर प्रशिक्षक विद्यार्थ्यासोबत बसून बोलतो का, प्रशिक्षक वारंवार बदलतात का, हे पाहावे. हवा वाईट असताना प्रशिक्षकाने उड्डाण रद्द केले तर कार्यालयातून त्याला कोणी बोल लावतो का, हे विद्यार्थ्यांना एकीकडे घेऊन विचारावे. आपली चूक बोलून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे हसतात की शिकवतात, याचे उत्तर चहाच्या टपरीवर अर्ध्या तासात मिळते.

लिलिएन्थाल यांनी माती ओतून टेकडी रचली, राईट बंधू वाळूच्या शोधात दूर किनाऱ्यावर गेले, स्मिथ-बॅरी यांनी शिक्षकांना प्रथम शिकवले, स्टॅग लेनने मंदगती विद्यार्थिनीला वेळ दिला. यांपैकी कोणीही सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत जलद वाट निवडली नव्हती. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा एकट्याने आकाशात जाईल, तेव्हा आपण खाली उभे राहून काहीच करू शकणार नाही. जे करावयाचे ते त्यापूर्वी, जागा निवडतानाच, करून ठेवायचे असते.